पाण्याआधीचा वारा

सर म्हणाले होते, आधी गरज लिहा. एका ओळीत.
मी लिहिलं :
'पाणी पाच दिवसांनी येतं, रात्री कधीही.
गल्लीला वेळेवर जाग यायला हवी.'
सरांनी बरोबरची खूण केली.
चूक तिथेच होती, लाल शाईतल्या त्या खुणेखाली.

पहिलं यंत्र म्हणजे नळाच्या तोंडात तांब्याच्या दोन तारा,
थेंब टेकला की बझर.
थेंब कशानेही टेकतो, पाल चाटून गेली तरी.
एका रात्रीत सतरा वेळा बोंबललं ते,
आणि टॉवेलच्या कारखान्यातून नुकता आलेला सिद्राम
दारातूनच ओरडला,
"काय गं हरिणी, पाणी बोलावतीस का भूत?"

दुसऱ्यात लोणच्याची बरणी, थर्माकोलचा तरंगता तुकडा.
ते नीट वाजायचं,
फक्त उशिरा.

तिसऱ्यासाठी पोचव्वाकडे गेले.
तीस वर्षं मागांच्या खडखडाटात कान गेलेले तिचे,
तरी विडी घरकुलच्या आमच्या गल्लीत
पाण्याची चाहूल तिलाच आधी.
"ऐकू कुठं येतंय मला? हात सांगतो."
माझा तळवा धरून तिने पाइपावर ठेवला.
तेंदूपानाचा वास होता तिच्या बोटांना.
"आधी वारा येतो, मग पाणी.
वाऱ्यानं पाइप शहारतो बघ."

तो शहारा मी पकडला
एका पितळी चकतीत, पंचवीस रुपयांच्या.
रबरी पट्टीने पाइपाला बांधली
बरोबर तिचा हात असायचा तिथे.
प्रदर्शनात तिसरा नंबर आला. फोटो निघाला.
फोटोत मी, सर, पाइपाचा तुकडा.

महिन्याभरात एकेचाळीस घरांत एकेचाळीस चकत्या.
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
एकेचाळीस बझर, मागोमाग एकेचाळीस मोटारी
आणि चढावरच्या टोकाला, शकिलाभाभीच्या नळाला
नुसता वारा.
तासभर वारा.
बादलीत तिने तोही भरून ठेवला असता,
इतकी वाट बघितली.

मग मला आठवलं
पोचव्वा दारं कशी वाजवायची.
"नीळ्ळु वच्चिनय!" करत आधी थेट चढावर, शकिलाभाभीकडे.
तिथून एकेक घर उतरत खाली.
ज्यांच्याकडे बाळंतीण, त्यांच्याकडे दोनदा.
ज्याची मोटर मोठी, त्याच्याकडे सगळ्यात शेवटी,
आणि तेही हळूच.
आम्हाला वाटायचं, म्हातारीला सवय आहे फिरायची.

ती पाणी वाटत होती.
मी जाग वाटली.

चौथ्या यंत्रात उशीर घालता येईल.
टोकाला शून्य मिनिटं, मधे आठ, खाली वीस.
सर्किट सोपं आहे, रात्रीत होईल.
पण आकडे कोण ठरवणार?
सिद्राम म्हणतो, माझ्या पैशाने घेतलं, मी का थांबू?
आणि यंदा कुणाकडे बाळंतीण आहे
हे चकतीला कळवायचं कसं, दर महिन्याला?

पोचव्वाला विचारलं, आता तरी झोप लागते ना रातभर?
म्हणाली, "कुठली झोप.
दोनला डोळा उघडतो. हात रिकामा वाटतो."

काल बझरची वायर काढून
तिच्या उंबऱ्याशी बसले.
वही मांडीवर, पहिलं पान फाडलेलं.
लांब अक्कलकोट रोडवर एखादा ट्रक गेला की
पाइप फसवतो, तेव्हा ती मान हलवते : नाही, हे नाही.
एक चाळीस. एक पन्नास.
माझ्या हाताखाली थंड लोखंड,
माझ्या हातावर तिचा हात.

"थांब," म्हणाली.

मला अजून काहीच जाणवलं नव्हतं.
ती चढाकडे निघालीसुद्धा.